आखूड कोर्सची बाजू

डिस्क गोल्फचे जे कोर्स सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बागांमधून आखले गेले, ते आजच्या तरबेज खेळाडूंना फार लहान वाटतात. होल आखूड, टी म्हणजे पावलांनी घट्ट झालेली मातीच, बास्केटच्या साखळ्या विरळ. अशा कोर्सला कालबाह्य ठरवायचं आणि त्याच्या जागी लांबलचक नवा कोर्स मागायचा, अशी रीत पडली आहे. मला ही मागणी चुकीची वाटते. बागेत खेळायचा कोर्स लहान आणि साधाच असावा, तोच बागेला शोभतो आणि तोच लोकांच्या उपयोगी पडतो, असं माझं म्हणणं आहे. जालन्यासारख्या शहरातून या प्रश्नाकडे पाहिलं तर ते अधिक स्पष्ट होतं. इथे हा खेळ अजून रुजायचा आहे, त्यामुळे जुनं मोडून नवं करण्याचा वाद नाही. कोणता नमुना उचलायचा, एवढंच ठरवायचं आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा लहान नमुना उचलावा असं मी म्हणतो, आणि त्याची कारणं देतो.

आधी खेळ काय आहे ते पाहू. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारत मारत खळग्यापर्यंत न्यायचा असतो. डिस्क गोल्फमध्ये प्लास्टिकची चकती हाताने फेकत बास्केटपर्यंत न्यायची असते. बास्केट म्हणजे जमिनीत रोवलेला लोखंडी खांब, त्याच्या माथ्यावर एक कडं, कड्याला लोंबणाऱ्या साखळ्या आणि साखळ्यांखाली गोल जाळीची टोपली. टोपलीचा काठ जमिनीपासून साधारण ८२ सेंटिमीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेच्या थोडा खाली येतो. चकती साखळ्यांवर आदळली की तिचा वेग मरतो आणि ती टोपलीत पडते. पहिली फेक ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून. पुढची प्रत्येक फेक आधीची चकती जिथे पडली तिथून. सगळे होल मिळून ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो जिंकला. बहुतेक कोर्स नऊ किंवा अठरा होलांचे असतात. एका होलावरून दुसऱ्या होलाकडे चालत जायचं, झाडांच्या मधून वाट काढायची, वारा कुठून आहे ते पाहायचं, एवढाच याचा व्याप. पंच नसतो, खेळणारेच एकमेकांच्या फेकी मोजतात. जगभरातल्या बहुतेक कोर्सवर खेळायला पैसे पडत नाहीत, कारण ते सार्वजनिक बागांतच आखलेले आहेत.

खेळाचं मूळही याच साधेपणात आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात फ्रिस्बी नावाची पाय बनवणारी बेकरी होती. तिच्या पत्र्याच्या रिकाम्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावत. फ्रेड मॉरिसन यांनी तयार केलेली प्लास्टिकची चकती व्हॅम-ओ या कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणली आणि पुढे तिला फ्रिसबी हे नाव मिळालं. चकती गोल्फसारखी नेमावर फेकायची कल्पना एकाच माणसाला सुचली असं नाही. कॅनडातल्या सस्कॅचवानमधल्या ब्लॅडवर्थ गावी १९२६ च्या सुमारास शाळकरी मुलं डब्यांची पत्र्याची झाकणं फेकून असाच खेळ खेळत होती. कॅलिफोर्नियात १९६५ मध्ये जॉर्ज सॅपेनफील्ड या तरुणाने उन्हाळी सुट्टीत मुलांना फ्रिसबीने गोल्फ खेळायला लावलं. या खेळाला कायमची जागा मिळाली ती १९७५ मध्ये. व्हॅम-ओमध्ये काम करणारे एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ला कन्याडा भागात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला रीतसर कोर्स आखला. आज त्या जागेला हहामोंगना पार्क म्हणतात आणि नासाची जेट प्रपल्शन लॅबोरेटरी तिला लागूनच आहे. सुरुवातीला तिथे नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावर वाद होऊ लागले, तेव्हा हेड्रिक यांनी साखळ्या आणि टोपलीची जोड दिली. १९७७ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. खेळाची व्यावसायिक संघटना १९७६ मध्ये उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की हे जुने कोर्स आखले तेव्हा बाग आधी होती आणि कोर्स नंतर आला. झाडं होती तिथेच राहिली, उतार होते तसेच राहिले, आणि आखणारा माणूस त्यांच्यामधून चकती जाऊ शकेल अशी वाट शोधत गेला. होल किती लांब असावा हे हातातल्या फ्रिसबीने ठरवलं. ती रुंद काठाची, हवेत तरंगणारी चकती होती. साध्या माणसाने फेकली तर पन्नास-साठ मीटर जाई. म्हणून होलही त्याच बेताने ठेवले गेले. कोर्स लहान राहिला तो जागेच्या किंवा पैशाच्या टंचाईमुळे नव्हे, तर तो माणसाच्या हाताच्या मापाने बेतलेला होता म्हणून.

हे माप बदललं १९८३ मध्ये. डेव्ह डनिपेस यांनी काठ तिरपा आणि धारदार केलेली चकती तयार केली आणि इनोव्हा कंपनीने ती आणली. खास डिस्क गोल्फसाठी बनलेली ही पहिली चकती. तिरप्या काठामुळे हवेचा अडथळा एकदम कमी झाला. चकतीचं उडणं समजायला भोवरा आठवावा. भोवरा जोरात फिरतो तोवर ताठ उभा राहतो आणि वेग मंदावला की झुकू लागतो. चकतीही गरगर फिरते म्हणून हवेत स्थिर राहते. फिरणं आणि वेग कमी झाला की ती एका बाजूला वळत खाली येते. उजवा हात छातीसमोरून आडवा आणून फेकली तर शेवटी डावीकडे वळते. जुन्या रुंद काठाच्या चकतीला फार वेग देता येत नव्हता, कारण हवाच तिला अडवायची. नव्या चकतीने ती मर्यादा काढून टाकली. पुढे काठ अधिकाधिक धारदार होत गेले आणि लांबच्या फेकीसाठी ड्रायव्हर, मधल्या अंतरासाठी मिडरेंज, जवळच्यासाठी पटर अशा वेगवेगळ्या कामांच्या चकत्या निघाल्या. पिशवीत वीस-वीस चकत्या घेऊन फिरणारे खेळाडू दिसू लागले. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनिअर यांनी नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याच्या साथीने ३३८ मीटर लांब फेक केली. स्पर्धेत रोज अशा फेकी होत नाहीत, पण कसलेला खेळाडू सव्वाशे मीटरच्या पुढे सहज जातो. त्याच्यासाठी साठ मीटरचा होल म्हणजे एका फेकीत बास्केटच्या पायथ्याशी, दुसऱ्या फेकीत आत. प्रत्येक होलावर हेच घडू लागलं तर चांगला खेळाडू आणि फार चांगला खेळाडू यांत फरकच उरत नाही. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांनी लांब कोर्स मागितले. काँक्रीटच्या टी आल्या, साखळ्यांच्या दोन-दोन रांगा आल्या, काही होल अडीचशे मीटरच्याही पुढे गेले. इथवर मला काहीच आक्षेप नाही. स्पर्धेला स्पर्धेचं मैदान हवंच.

आक्षेप आहे तो पुढच्या पावलावर. स्पर्धेला लहान पडणारा कोर्स सगळ्यांनाच लहान पडतो, असं गृहीत धरलं जातं. हे गृहीतक तपासून पाहिलं तर टिकत नाही. पहिल्यांदा चकती हातात घेणारा माणूस ती पंचवीस-तीस मीटर फेकतो. काही दिवस सराव केला तर पन्नासपर्यंत जातो. आठवीतली मुलगी, साठीचे आजोबा, दिवसभर दुकानात उभा राहिलेला माणूस यांच्यासाठी पन्नास मीटरचा होल हा दोन-तीन फेकींचा नीट खेळ आहे. तेच अंतर दीडशे मीटर केलं की त्यांना पाच-सहा फेकी लागतात, प्रत्येक फेक जेमतेम सरळ जाते आणि तिसऱ्या होलावर उत्साह संपतो. ज्या कोर्सवर एखाद्या शहरातली शंभर माणसं खेळू शकत होती, तो दहा जणांपुरता उरतो. आणि ते दहा जणही बहुधा तरुण, धट्टेकट्टे आणि चकत्यांवर पैसे घालू शकणारे असतात. आखूड कोर्सवर एक चकती पुरते, लांब कोर्सवर पुरत नाही.

लांबीचा संबंध सुरक्षिततेशीही आहे, आणि इथे थोडं गणित मांडतो. नवशिक्याची फेक दहा अंशांनी बाजूला जाणं ही अगदी साधी चूक आहे. पन्नास मीटरवर दहा अंशांची चूक म्हणजे चकती नेमापासून सुमारे नऊ मीटर बाजूला पडते. एकशेवीस मीटरवर तीच चूक एकवीस मीटरची होते. शिवाय एकशेवीस मीटर जाण्यासाठी चकती धारदार आणि वेगवान लागते, पन्नास मीटरसाठी बोथट काठाची मंद चकती चालते. आता जागा मोजा. पन्नास मीटरचे नऊ होल म्हणजे साडेचारशे मीटर. प्रत्येक होलाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर राखले तर नऊ हजार चौरस मीटर, म्हणजे सव्वादोन एकर. होलांमधली अंतरं आणि बाकीच्यांच्या वाटा धरून चार-पाच एकरांत सगळं बसतं. एकशेवीस मीटरचे अठरा होल घेतले आणि चूक वाढते म्हणून बाजूला वीस-वीस मीटर सोडले, तर नुसत्या पट्ट्यांनाच एकवीस एकर लागतात. आपल्याकडच्या किती जिल्ह्यांच्या गावी एकवीस एकरांची बाग आहे, आणि असली तरी ती एका खेळाला द्यावी का, याचं उत्तर वाचकाला ठाऊक आहे.

जालन्याकडे येऊ. १ मे १९८१ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा आणि २०११ च्या जनगणनेत दोन लाख पंच्याऐंशी हजारांवर लोकवस्ती असलेलं त्याचं मुख्य शहर. शहराच्या पश्चिमेला मोती तलाव आणि त्याच्या काठी मोती बाग आहे. गॅझेटियरमध्ये या तलावाचं श्रेय जमशेदखान या जुन्या अधिकाऱ्याला दिलं आहे. तिथून नळांनी शहरातल्या हौदांत पाणी खेळवलं जात असे, अशीही नोंद आहे. संध्याकाळी कुटुंबासह जायला शहराला ही जवळची मोकळी जागा. तलावाचं पाणी, काठावरची झाडं आणि पावसाळ्यानंतरची हिरवळ यांमुळे ती देखणी आहे. अशी जागा मिळाली की तिथे काही ना काही बांधायचा मोह होतो. पण बागेचं देखणेपण तिच्यातल्या मोकळ्या जागेमुळे आणि झाडांमुळे असतं, आणि कोणताही खेळ तिथे आणताना पहिली अट हीच की यातलं काहीही कमी होता कामा नये. नऊ खांब रोवून आणि चालण्याची एक वाट आखून होणारा खेळ ही अट पाळू शकतो. भिंत नाही, छप्पर नाही, सपाटीकरण नाही, दिव्यांचे खांब नाहीत. उद्या हा खेळ नको वाटला तर खांब उपटले की बाग होती तशी.

दुसरी अट पाण्याची, आणि ती जालन्यात विसरून चालत नाही. हा भाग सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा, त्यातही खंड ठरलेले. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे आणि २०१२-१३ चा सगळ्यांच्याच. त्या वर्षी निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा जलाशय कोरडा पडला. नागरिकांनी पुढे येऊन त्यातला गाळ काढला. गोदावरीवरच्या जायकवाडीहून शहरासाठी पाणी आणावं लागलं. अशा शहरात हिरवळीवर पाणी शिंपडावं लागणारा कोणताही खेळ लोकांसमोर समर्थन करण्याजोगा नाही. अठरा होलांच्या गोल्फ मैदानाला उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी लागतं. डिस्क गोल्फला थेंबही लागत नाही, कारण चकती हवेतून जाते आणि खाली हिरवळ आहे की मुरूम आहे याने खेळ अडत नाही. वाळलेल्या गवतावर, निंबाच्या पाचोळ्यावर तो तितकाच चांगला होतो.

आणि हे बास्केट कुठून आणायचं म्हणाल, तर बाहेर पाहायची गरज नाही. जालन्याची औद्योगिक वसाहत लोखंडी सळ्यांसाठी देशभर ओळखली जाते. पाइप, दोन कडी, वीस-चोवीस साखळ्या आणि जाळीची टोपली हे काम तिथला कोणताही चांगला फॅब्रिकेशनवाला करू शकेल. गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिला की वर्षानुवर्षं चिंता नाही. जुन्या नमुन्याच्या, एका रांगेच्या साखळ्यांचं बास्केट यात सर्वांत सोपं आहे. नव्या स्पर्धा-बास्केटमध्ये साखळ्यांच्या दोन रांगा असतात, कारण दुरून वेगाने आलेली चकती उसळून बाहेर पडू नये. जवळून, हळू आलेल्या चकतीला एक रांग पुरते. म्हणजे ज्या गोष्टीला जुनाट म्हणतात, ती आखूड कोर्सवर नेमकी पुरेशी ठरते. हिवाळ्यात अभियांत्रिकी किंवा आयटीआयच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम दिलं, तर शहराला बास्केट मिळतील आणि मुलांना वेल्डिंगचा हात बसेल.

आता आक्षेपांकडे वळतो. त्यांतला सर्वांत गंभीर झाडांचा आणि मातीचा. हा आक्षेप खोटा नाही. अमेरिकेतल्या बागांमध्ये झालेल्या अभ्यासांत टी आणि बास्केटच्या भोवती माती दाबली जाऊन कडक होते, गवत जातं आणि चकत्या आदळून झाडांच्या साली सोलतात, असं दिसलं आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात पीस पार्कमधला लोकप्रिय कोर्स माती आणि झाडांच्या हानीमुळे बंद करून खेळ दुसऱ्या बागेत हलवावा लागला. मराठवाड्यातली काळी माती ओली असताना तर पावलाखाली फारच लवकर घट्ट होते. पण या हानीची कारणं तपासली तर ती दोन आहेत: अतिगर्दी आणि बास्केट कायम एकाच जागी असणं. दोन्हींवर उपाय जुन्या साध्या कोर्सवरच सोपे आहेत. काँक्रीटच्या टीवर आणि पक्क्या पायावर पैसे घातलेले नसतात, म्हणून बास्केट जागा बदलू शकतात. प्रत्येक होलासाठी जमिनीत दोन-तीन ठिकाणी नळीचे तुकडे गाडून ठेवावेत आणि खांब महिन्या-दोन महिन्यांनी एकातून काढून दुसऱ्यात बसवावा. जुन्या झाडाच्या घेराखाली बास्केट लावूच नये. पावसाळ्यात, माती ओली असेपर्यंत, कोर्स बंदच ठेवावा. आणि झाडाला खिळा ठोकून, दोरी आवळून निशाण करण्याची पद्धत इथे मुळीच चालू देऊ नये. १९७५ चा नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या जतनाचा कायदा महाराष्ट्रात आहेच. मंद चकतीने सालीला होणारी इजाही कमी असते. मात्र एवढी शिस्त पाळायची तयारी नसेल, तर खेळ न आणणंच बरं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

दुसरा आक्षेप बागेत फिरणाऱ्यांचा. पहाटे चालायला येणारी माणसं, संध्याकाळी झोपाळ्यांवरची मुलं, बाकांवर बसलेली म्हातारी मंडळी, यांच्या अंगावर पावणेदोनशे ग्रॅमची चकती आली तर? इथेही मघाचं गणित कामाला येतं. आखूड होल, मंद चकती आणि फिरण्याच्या वाटेपासून दूर असलेली बाजू, ही तिन्ही पथ्यं पाळली तर धोका आटोक्यात राहतो. बागेत फक्त बोथट काठाच्या पटर चकत्याच वापराव्यात असा नियम करता येतो, आणि जिथे पट्टा वाटेला छेदतो तिथे होल ठेवायचाच नाही. गर्दीच्या वेळा सोडून, सकाळी उशिरा किंवा दुपार कलताना खेळ ठेवता येतो. लांब कोर्सला यांतली एकही सवलत घेता येत नाही, कारण वेगवान चकती हाच त्याचा आधार. तलावाच्या अगदी काठाला होल लावायचा मोहही टाळावा. दिसायला तो सुंदर दिसेल, पण चकत्या पाण्यात जातील, मुलं त्यांच्यामागे उतरतील, आणि तलावात प्लास्टिकही साठेल.

तिसरा आक्षेप असा की आपले खेळ असताना हा परदेशी खेळ कशाला. याचं उत्तर देताना जालन्याचा अभिमान बाजूला ठेवायची गरज नाही. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. मारुतीचं देऊळ आणि तालीम यांची सांगड महाराष्ट्राच्या मनात ज्यांच्या नावाने बसली, ते इथले. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची कुस्ती जालन्यात झाली आणि बाला रफिक शेख यांनी गदा जिंकली. कुस्तीची जागा चकती घेणार नाही, आणि तिने ती घेऊही नये. पण कुस्ती, कबड्डी, खो-खो हे खेळ मराठी मुलुखात गावोगाव का टिकले हे पाहिलं तर माझाच मुद्दा पुढे येतो. कबड्डीचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, खो-खोचंही शाळेच्या पटांगणात मावणारं. साधन जवळजवळ शून्य. विटीदांडूत तर दांडूनेच अंतर मोजतात, म्हणजे खेळाचं माप खेळणाऱ्याच्या हातात असतं. जे खेळ लहान जागेत आणि थोडक्या खर्चात बसले, ते लोकांचे झाले. ज्यांना क्लबाचं सभासदत्व लागतं, ते मूठभरांचे राहिले. गोल्फ १८२९ पासून कोलकात्यात आहे, पण आजही तो थोड्यांचाच खेळ. उलट बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बांधले आणि आज तो गल्लीतल्या मुली दोन विजेच्या खांबांना दोरी बांधून खेळतात. बॅडमिंटन बाहेरचा की घरचा, हे कोणी विचारत नाही. तो अंगणात मावला, एवढं पुरेसं झालं. फ्लाइंग डिस्कचा अल्टिमेट हा सांघिक प्रकार चेन्नई, बंगळुरू, अहमदाबाद, मुंबई, पुणे इथल्या तरुणांमध्ये रुजला आहे, आणि त्यात मुलं-मुली एका संघात खेळतात. चकती भारतीय हाताला परकी राहिलेली नाही.

आणखी एक आक्षेप ऐकू येईल: शहराला आधी रोज पाणी द्या, रस्ते नीट करा, मग खेळ. २०२३ मध्ये जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, तेव्हापासून अपेक्षाही वाढल्या आहेत. हा आक्षेप मोठ्या खर्चाच्या प्रकल्पाला लागू पडतो. क्रीडासंकुलाला कोट्यवधी रुपये लागतात, म्हणून ते पाण्याच्या नळाशी स्पर्धा करतं. नऊ लोखंडी बास्केटांचा खर्च त्या पातळीवर येतच नाही. प्रश्न खर्चापेक्षा निगेचा आहे. अनेक गावांत बागेतली व्यायामाची साधनं एका वर्षात मोडतात आणि तशीच उभी राहतात, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. बास्केटमध्ये फिरणारा, घासणारा, तेल मागणारा भाग नसतो. तरी कोणी तरी त्याची काळजी घेणारं हवं. ते काम जवळच्या एखाद्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडे किंवा महाविद्यालयाच्या जिमखान्याकडे सोपवावं. वापरणाऱ्यांकडे किल्ली असली की वस्तू टिकते.

सर्वांत मनापासूनचा आक्षेप खेळ जाणणाऱ्यांचा. आखूड कोर्स लवकर सोपा होतो, मग कंटाळा येतो, आणि चांगला खेळाडू तयार होत नाही. पहिला भाग खरा आहे. वर्षभर खेळलेल्या तरुणाला पन्नास मीटर सोपे वाटतील. पण सोपेपणा घालवायला लांबीच वाढवावी लागते असं नाही. बास्केट झाडाच्या मागे सरकवलं की सरळ फेक निकामी होते आणि वळण घेणारी फेक शिकावी लागते. उताराच्या कडेला लावलं की चुकलेली चकती घरंगळत दूर जाते आणि धाडस करावं की नाही हा विचार सुरू होतो. तलावावरून येणारा वारा रोज वेगळा असतो. समोरून आला तर चकती वर उचलली जाते, पाठीमागून आला तर खाली दबते. याच होलाला मागे आणखी एक टी देता येते, म्हणजे लहानांनी पुढून आणि तयार खेळाडूंनी मागून खेळावं. शिवाय डिस्क गोल्फमध्ये बऱ्याच फेकी वाचतात त्या बास्केटच्या दहा मीटरच्या परिसरात, पट म्हणजे जवळची शेवटची फेक करताना. ते कौशल्य आखूड कोर्सवरच घोटलं जातं. हेड्रिक यांनी आखलेला ओक ग्रोव्हचा कोर्स आजही खेळला जातो, आणि जगात हजारो कोर्स झाल्यावरही लोक तिथे जातात. हेड्रिक २००२ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा चकत्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. ज्या माणसाने आपलं सगळं आयुष्य या खेळाला दिलं, त्याने पहिला कोर्स लोकांच्या बागेतच आखला, हे मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

म्हणून सुरुवात लहान करावी. महानगरपालिकेने आणि शहरातल्या क्रीडाशिक्षकांनी मिळून एका हिवाळ्यात, दिवाळीनंतर माती सुकली की, तीन हलते बास्केट मोती बागेच्या कमी वर्दळीच्या बाजूला ठेवून पाहावेत. होल चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. पंचवीस-तीस साध्या चकत्या एका पेटीत ठेवून शाळांना पाळीपाळीने द्याव्यात. मार्चअखेरीस बास्केटभोवतीची जमीन आणि जवळची झाडं वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाला दाखवावीत, बागेत रोज फिरणाऱ्यांना त्रास झाला का ते विचारावं, आणि मुली किती खेळल्या, पन्नाशीपुढचे किती आले, याची नोंद ठेवावी. उत्तर चांगलं आलं तर पुढच्या हिवाळ्यात आणखी सहा बास्केट लावावेत. वाईट आलं तर तीन खांब उचलून एखाद्या शाळेच्या पटांगणात न्यावेत. जालन्यातल्या वाचकांनी यासाठी मोठ्या घोषणेची वाट पाहू नये. आपल्या प्रभागातल्या शाळेत जाऊन क्रीडाशिक्षकांशी बोलावं आणि तिथूनच महानगरपालिकेकडे एक अर्ज द्यावा.